तेल खाली बसतं

बाहेर उणे सत्तावीस. उफाच्या उत्तरेला
तेलशुद्धी कारखान्याची ज्योत
धुक्यात एकाच जागी फडफडते.
आत चंबूत शंभर मिलीलिटर डिझेल,
साठ अंश, चुंबकाची कांडी गरगरतेय
आणि रात्रपाळीची मी,
चहा ओतून विसरलेली.

गंधक मला लहानपणापासून ठाऊक.
अताय मधाच्या रिकाम्या पोळ्यांना
गंधकाची धुरी द्यायचे, मेणकिडा लागू नये म्हणून.
आम्ही बहिणी दाराशी नाक दाबून उभ्या.
तो गंधक पिवळा, उघडा, तोंडावर बोलणारा.
हा तसा नाही.
हा दोन कड्यांच्या मध्ये बेमालूम बसलेला,
दोन्ही अंगांना मिथिलचे पहारेकरी,
हायड्रोजनने साडेतीनशे अंशांवर धडका दिल्या
तरी कडी न काढणारा.

म्हणून मी धडका देत नाही.
ॲल्युमिनाच्या दाण्यांवर मॉलिब्डेनम,
वरून पेरॉक्साइड, थेंब थेंब.
मॉलिब्डेनम त्यातला एक ऑक्सिजन उचलतं,
गंधकाच्या हातावर ठेवतं. मग दुसरा.
स्वतः होतं तिथेच, होतं तसंच.
मध्यस्थानं असंच असावं.

काही तुटत नाही. कुणी ओढून काढत नाही.
फक्त दोन ऑक्सिजन, पण तेवढ्यानं
ज्या तेलात तो युगानुयुगं मुरला होता
त्याच तेलात त्याला करमेनासं होतं.
ॲसिटोनायट्राइल ओतलं की निघतो मुकाट
वरच्या थरात.
हो, वरच्या. इथं तेल खाली बसतं.
नवी मुलं दरवर्षी
नको तो थर जपून ठेवतात
आणि हवा तो मोरीत.

माझ्यावरही कुणी असेच थेंब टाकले असणार,
एक शाळेतल्या रशियन बाईंनी,
एक विद्यापीठानं.
मागच्या उन्हाळ्यात गावी गेले
तर थोरल्या बहिणीनं मला चहा दिला
पाहुण्यांच्या पेल्यात, सोनेरी काठाच्या.
मी तो धुऊन, पुसून
परत काचेच्या कपाटात ठेवला.
कुणी काही म्हणालं नाही.

पहाटे आकडा आला. चारशे बारावरून नऊ.
मिन्नियार मामाला फोन लावला.
तीस वर्षं कामाझ चालवतोय तो,
फोनवर आधी त्याचा खोकला येतो, मग तो.
म्हटलं, मामा, नऊ!
म्हणाला, छान झालं, फर्दाना. पण तुमचं हे
धुतलेलं तेल कोरडं लागतं गं.
पंप कुरकुरतो.
त्या घाणीतच कुठंतरी ओशटपणा होता,
तोही घालवलात.

वहीत नऊ लिहिलं.
खाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात,
वंगण तपासणे.
मग चहा. थंडगार,
वर दुधाची साय धरलेली.
बोटानं बाजूला सारणार होते,
सारली नाही.