नांव

हर्णैच्या बर्फ-कारखान्यात, रात्री,
कॉम्प्रेसरची घरघर आणि मी.
मच्छीमार सोसायटीचा हिशेब
एका नव्या भाषेत बसवतेय.
हिच्यात एकदा बांधलेली किंमत बदलत नाही.
बर्फ म्हणजे चाळीस लाद्या असं लिहिलं
की त्या कंसापुरते चाळीसच.
एकेचाळीस हवेत? आत नवा कंस उघडा,
तेच नाव पुन्हा बांधा.
बाहेरचे चाळीस बाहेर पडून राहतात,
न वितळता.

यासीन मुकादम डिझेलची पावती द्यायला आले,
स्क्रीनकडे बघत म्हणाले,
"खोडायचं नाही? नि चुकलं तर?"
चूकही राहते, चाचा. बरोबर तिच्या शेजारी येतं.
"म्हणजे लिलावासारखं."
खरंच की. पुळणीवर भागीरथी पावसे
सुरमईच्या ढिगापाशी ओरडत असते:
चार हजार, चार दोनशे, साडेचार.
चाराचे काही साडेचार होत नाहीत.
चार म्हणणारा तिथेच उभा असतो,
गुडघ्यापर्यंत ओला,
आपला आकडा तोंडात धरून.

एक गोष्ट मात्र तीन रात्री कळेना.
शब्दाआधी एक बारीक तिरकी रेघ मारली
की ही भाषा किंमत शोधायला जातच नाही,
शब्दच उचलून हातात देते.
गार लागत नाही. नुसती दोन अक्षरं.

मग पत्र्याच्या पेटीत सोसायटीची जुनी वही निघाली,
टाकाने लिहिलेली, कडा खाऱ्या हवेने मऊ:
"नांव सलामत. नाव फुटली."
डोक्यावर टिंब असेल तर हाक मारायची,
नसेल तर वल्हवायची.
पुढे कुणीतरी शुद्धलेखन सुधारलं,
टिंब गेलं,
आणि दोन्ही एकाच खुंटाला आल्या.

फळ्या कुणाच्या चुलीत गेल्या असतील.
सलामत मी यंत्राला विचारून पाहिलं.
उत्तर आलं, या शब्दाला काहीच बांधलेलं नाही.
रागाने नाही. वाणी सांगतो तसं,
हिंग संपलाय म्हणून.

चाचा वही वाचत होते, ओठ हलवत.
"पाजपंढरीला फळ्या उतरल्यात," म्हणाले,
"नाव ठरलंय. नाव व्हायचीय."
कुठलं, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
एक तिरकी रेघ मारली,
पुढे जागा सोडली.

साडेचारला ट्रक लागला.
लाद्या मोजायला उठले तर
अडतीसच.