पाऊणपट

डॉक्टर हिलाल इंग्रजीत जे म्हणाले
ते मी मराठीत न्यायचं होतं.
आठवडे. महिने नव्हेत.
सूरच्या या इस्पितळात मराठी येणारी मी एकटी,
म्हणून ते इंजेक्शनच्या ट्रेसारखं
दोन्ही हातांनी धरून
चौदा नंबरच्या खाटेपर्यंत नेलं.

दाऊदभाई तांडेल, मूळ हर्णैचे,
अठ्ठावीस वर्षं इथल्या बोटींवर.
आधी यकृत, मग हाडं.
खाडीतली लाकडी गलबतं दिसतील
अशी खाट त्यांनी भांडून मिळवलेली.

मी म्हटलं, आता बरं करायचं औषध नाही,
दुखू नये याचं आहे.
"किती, ते सांग गो."
"आठवडे," मी म्हटलं.
या शब्दात आधी आठव असतो
हे मला त्या क्षणापर्यंत दिसलं नव्हतं.

"आठवडे म्हंजे दोन का धा?"
मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनाही नव्हतं.
तेही सांगितलं.

ते हसले, मग बरगडी धरून थांबले.
"तुमच्यापेक्षा दर्या बरा.
चांद कितवा आज?"
मी मोबाइलमध्ये पाहिलं. अकरा.
"अकराची पाऊणपट?"
"सव्वाआठ."
"सव्वाआठाला हर्णैत भरती.
तुझ्या घड्याळात पावणेसात."
आणि पावणेसातपर्यंत
ते भिंतीवरच्या काट्याकडे बघत राहिले,
कुणाला तरी बंदरावर घ्यायला जायचं असल्यासारखे.

रात्री मॉर्फिनचा चमचा ओठाशी नेला
तर म्हणाले, "सवय लागंल ना?"
मग आम्ही दोघंही गप्प.
मग दोघंही हसलो.

विमान कंपनीच्या फॉर्मवर प्रश्न होता:
प्रवासी किती वेळ सरळ बसू शकतो?
डॉक्टरांनी लिहिलं, तीन तास.
दाऊदभाई म्हणाले, "चार लिव.
आमच्या घराचा रस्ता खराब आहे."
रेसिडेन्सी कार्ड मार्चपर्यंतचं होतं,
ते त्यांनी माझ्याकडे दिलं:
"ह्याची मुदत बघ, कशी पक्की छापलीय."

सोमवारी व्हीलचेअर गेली.
पुढचं मला कुणी कळवलं नाही,
मीही फोन केला नाही.

आज चांद चौथा. पाऊणपट तीन.
तिथे पहाटेचे तीन, इथे दीड.
चौदा नंबरवर आता सिल्हेटचा एक सुतार आहे.
तो डोस गिळतो, माझा हात धरतो,
आणि मला न येणाऱ्या भाषेत
तोच प्रश्न विचारतो.