एकशे बेचाळिसावी

रात्री साडेदहाला मी उद्याचा क्रम लॉक करते.
पांढरी, पांढरी, राखाडी, लाल, पांढरी.
लागोपाठ दोन लाल नकोत, पेंटशॉपवाले ओरडतात.
सनरूफवाल्या दोघींमध्ये तीन साध्या,
नाहीतर सतरा नंबरवरचा मुक्तीराम
गाडीसोबत चालत चालत अठरात जातो
आणि अठरातली कौसर त्याला कोपरानं मागं ढकलते.

एका गाडीला एकशे चौऱ्याहत्तर सेकंद.
हे मी नाही ठरवलं. भागाकारानं ठरवलं.

वाळूजहून सीटा येतात त्या माझ्याच क्रमानं,
फक्त उलट भरून:
आधी लागणारी दाराशी.
सॉफ्टवेअरला हे शिकवायला दोन महिने गेले.
टेम्पोवाला वाजिद म्हणाला, "मॅडम, लग्नाचं सामान नेतो ना आपण,
खुर्च्या खाली, मंडपाचे बांबू वर. नवं काय त्यात?"

काल केंब्रिज चौकात उसाची ट्रॉली आडवी झाली.
शेंद्र्यात शिल्लक अकरा सीटा.
अकरा म्हणजे बत्तीस मिनिटं.
फोनवर वाजिद गप्प,
त्याच्या मागं कुणीतरी "ओढा, ओढा" म्हणतंय.

तेहतिसाव्या मिनिटाला इथं दोरी ओढली गेली.
पट्टा थांबला.
पत्र्यावरची कबुतरं पहिल्यांदाच ऐकू आली.

मुक्तीरामनं पाना ठेवला,
सीट नसलेल्या गाडीत मांडी घालून बसला,
स्टिअरिंग धरून म्हणाला,
"कुठं सोडू, मॅडम?"

मी यादी बघितली. एकशे बेचाळिसावी, राखाडी.

"बदनापूर," मी म्हणाले. "पण बेतानं घ्या.
मागं त्रेचाळिसावी आहे."