पानाचं वजन

माझ्या गाडीच्या मागे एक पेटी आहे.
मखमलीच्या खळग्यांत पितळेची वजनं,
पाच किलोपासून एका ग्रामपर्यंत.
उचलायची तर रुमालाने.
घामालाही वजन असतं, असं ओरोसच्या साहेबांनी
पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

किनाऱ्यावर काटा फार टिकत नाही.
खारा वारा फटीतून आत शिरतो,
लोडसेलला गंज धरतो, आकडे थरथरतात,
पाट्यावर काही नसताना दाखवतात सहा ग्राम.
कुणकेश्वरच्या पेढेवाल्याचा काटा मी बघतो,
तांबळडेगला सुंगटांचा,
आणि मंगळवारी, गर्दी नसते तेव्हा,
जामसंड्यात जैतूनबीच्या दुकानात मटणाचा.

दुकान आता पोराचं. मुबीनने कर्ज काढून
हाडं कापायची करवत आणली,
खिम्याचं यंत्र आणलं, सोबत तीन जाळ्या,
जाड, मध्यम, आणि कबाबाची बारीक.
चिंचेचा ओंडका परसात गेला.
मधोमध तीस वर्षांच्या घावांचा खळगा,
मांजराच्या बरोबर मापाचा.
मांजर तिथेच असतं.

करवत नळी कापते ती नाण्यासारखी गोल,
खाली पांढरा भुसा,
आणि ठोका नाही.
शेजारचा शिंपी म्हणतो, हल्ली उजाडलेलं कळत नाही.

मी एक किलो ठेवला.
काट्याने दाखवलं नऊशे साठ.
पुसून ठेवला. पंखा बंद करून ठेवला.
नऊशे साठ.
म्हणजे किलोमागे चाळीस ग्राम जास्तीचं जातंय, मी म्हटलं,
कधीपासून कोण जाणे.
मुबीन यंत्राची जाळी धुता धुता थांबला.
ओठ हलत होते: शिमगा, ईद, गटारी,
सावंतांकडचं लग्न, बारा किलो.

जैतूनबी ओल्या फडक्याने सागाची पानं पुसत होती.
“माका म्हायती हा,” ती म्हणाली.
“शेवंती सांगून गेली,
पाव किलो आता पाच जणांक पुरता.
म्हटलंय, बरा.”

“आई!”

“तुजो बापूस काटो झुकल्याशिवाय हात काढी नाय.
ह्यो तुजो झुकताच खंय?”

कायदा मला पाठ आहे.
कमी असो की जास्त, चूक ती चूक.
मी झाकण उघडलं, गंज खरवडला,
गुप्त अंक दाबून
हजाराला हजार म्हणायला लावलं.
तारेत शिशाची मोहोर ओवली, पक्कडीने दाबली.
कट्ट.
तेवढ्या आवाजाने परसातल्या मांजराने मान वर केली.

मजुरीतले काही पैसे तिने मटणात वळते केले.
पाट्यावर आधी पान ठेवलं,
बटण दाबलं, शून्य आलं,
मग खांद्याचं अर्धा किलो.
आकडा पाचशेवर थांबला.
वर काही पडलं नाही. मी बघत होतो.
मग पक्कड पेटीत ठेवायला वाकलो,
आणि पुडी बांधून झाली.

घरी, खोड म्हणून, ती माझ्या काट्यावर ठेवली.
पाचशे वीस.
बायकोला हाक मारणार होतो,
तेवढ्यात पान आठवलं.
मटण टोपात काढलं, नुसतं पान तोललं.
वीस.

हिशेब मिटला, असं म्हणून मी हात धुतले.
पण सागाचं एवढं पान
बारा ग्रामच्या वर जात नाही,
या भागातली कितीतरी मी तोललीत.
मग हे आठ कसले?
तिच्या ओल्या फडक्याचं पाणी,
म्हणजे माप चोख.
की मटणातून पानात उतरलेलं रक्त,
म्हणजे मी वाकलो होतो तेव्हा
तिचा हात रिकामा नव्हता?

आतून बायकोने विचारलं, वाटप घालू का.
मी घाल म्हटलं.
आणि पान बंबात टाकलं.
आधी चरचरलं,
बराच वेळ चरचरलं,
मग पेटलं.