न बोलणारा

दुकान रामदेव गल्लीत, जिन्याखाली.
अडिवेप्पानं टेबलावर तीन कॉम्प्युटर मांडले, विचारलं,
"कामाला पाहिजे की खेळायला?"
"कामाला," मी म्हणाले. मग जरा थांबून,
"थोडं खेळायलाही."
"थोडं म्हणजे केवढं?"
हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

दिवसाला सहा तास मी लोकांची बोलणी ऐकून टाइप करते.
खानापूरकडची माणसं, सौंदत्तीकडची,
वाक्य कानडीत सुरू करून मराठीत आणून सोडतात
आणि मधे कुठंतरी एक शब्द गिळतात.
पुण्याच्या ऑफिसला नेमका तोच हवा असतो.
जुन्या डब्याचा पंखा घरघरला की
त्या जागी मी लिहायची: अस्पष्ट.
महिन्याला किती अस्पष्ट, ते मोजून पैसे कापतात.

पहिला मोठा, काचेचा, आत लाल-निळे दिवे,
मंडपात शोभेल असा. नको.
दुसरा पाव किलो कुंद्याच्या खोक्याएवढा,
पंखाच नाही त्याला.
"पण खेळ टाकलासा तर तापतंय बघा," अडिवेप्पा म्हणाला,
"मग आपणहून हळू होतंय. माणसागत."
तिसरा शिवणाच्या डब्याएवढा,
एकच पंखा, रुंद, सावकाश फिरणारा.
"मोठा पंखा कमी बोलतोय."

पण ऐकायचं कसं? बाहेर टेम्पो, वरच्या मजल्यावर ड्रिल.
त्यानं छताचा पंखा बंद केला, शटर अर्धं ओढलं,
पोराला म्हणाला, "सुम्मने इरु."
आम्ही दोघं कान लावून वाकलो,
एकमेकांची ओळख नसलेली दोन माणसं.
भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं.
अडिवेप्पाच्या नाकातली शिट्टी.
"हाच," मी म्हणाले.
"नलवत्तेरडु साविर."
मी चाळीस म्हणाले. तो फुकट माउसवर येऊन थांबला.

खोकं पायांत धरून स्कूटीवर येताना
गोगटे चौकात सिग्नलला आठवलं:
वडगावात आमच्या बोळात अकरा यंत्रमाग.
रात्री साडेनऊला शेवटचा थांबतो.
तोवर कुणाचा पंखा बोलतो नि कुणाचा नाही,
देवाला माहीत.
एकटीच हसले. मागच्या रिक्षानं हॉर्न दिला.

बाबांनी चाळीस वर्षं माग चालवला.
डावा कान गेलेला, उजवा जायच्या बेतात.
त्यांनी नव्या डब्यावर तळहात ठेवला,
मागावर ठेवायचे तसा, डोळे मिटून.
थरथर नाही.
"बंद पडलाय हा," म्हणाले. "परत देऊन ये."
मी पडद्याकडं बोट केलं. पटेना.
हलत नाही ते काम करतं,
यावर त्यांचा विश्वास नाही.

रात्री दहाला बोळ निवळला.
हेडफोनमध्ये सौंदत्तीची एक बाई:
पैसे देतो म्हणाले, पण...
तीनदा मागं नेलं. चौथ्यांदा
आवंढ्याच्या अलीकडं बारीकसं ऐकू आलं: नाळे.
मी टाइप केलं: उद्या.

मग थोडं खेळले.
नदीवरून नाव न्यायचा साधा खेळ, चित्रं हलक्यावर ठेवलेली.
बाबा पाठीमागं कधी आले कळलं नाही.
शिडाकडं बघत म्हणाले, "कापडात दम नाही.
बाणा विरळ आहे. वाऱ्यात फाटणार."
मी नाव मुद्दाम वाऱ्यात घातली.
फाटलं नाही.
ते तसेच उभे राहिले, हात डब्यावर.
"कोमट लागतंय," म्हणाले थोड्या वेळानं.
"चालू झाला वाटतं."