श्वास धरा

नीटचा निकाल लागला त्या संध्याकाळी
दादाच्या घरात कुकर लागला नाही.
त्रिशलाला तीनशे एकाहत्तर.
वहिनी म्हणाल्या, "आता राहिलंय काय?"
राहिलंय त्यातच एकतीस वर्षं नोकरी करतोय मी, वहिनी,
तोंडापर्यंत आलं, चहाबरोबर गिळलं.
म्हटलं, आज नाइट आहे माझी. पोरीला नेऊ का?

मिरजेत रात्रीही कुणी ना कुणी दवाखाना विचारत असतं.
पॅसेंजरमधून कुडची-उगारकडची माणसं उतरतात,
बगलेत जुन्या फिल्मांची पिशवी.
रिक्षावाल्याला आजार सांगतात,
तो दवाखाना सांगतो.
हेही एक पदच म्हणायचं, बिनपगारी.

त्रिशला मागून चालत होती
मोबाइल पालथा धरून.
तळघरात अक्काताई बेडगे
ऑटोक्लेव्हसमोर घाम पुसत कात्र्या मोजत होत्या.
"एक कमी भरली की वर फोन लावते.
पोट शिवायचं थांबवा म्हणते.
मग सर्जन असू दे, न्हाईतर सर्जनचा बाप."
अक्काताई सातवी नापास.

लिफ्ट बंद. रक्तपेढीतला इलाही
पिशवी दोन्ही हातांत घेऊन जिना चढत होता,
झोपलेलं लेकरू न्यावं तसा.
आम्ही भिंतीला लागून वाट दिली.

"आणि तुम्ही काय करता, काका?"
अठरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं तिनं.
मी खिशातून शिशाची दोन अक्षरं काढली,
नखाएवढी. एक डावं, एक उजवं.
फिल्मच्या कोपऱ्यात ठेवायची.
रिपोर्टवर सही डॉक्टरची. माझी सही एवढीच.
एकदा चुकली होती.
डावा गुडघा उजवा झाला.
थिएटरच्या रोझलिन सिस्टरनं टेबलावर पकडलं.
तो माणूस बरा होऊन पेढे घेऊन आला,
मी पेढा हातात धरून उभा.
तेव्हापासून खिसा चाचपतो,
लग्नातसुद्धा, पंगतीतसुद्धा.

दोनच्या सुमाराला शेडबाळची म्हातारी आली.
धाप लागलेली, कान गेलेले.
"श्वास धरा." "उसिर हिडीरि."
मला दोन्ही भाषा येतात, तिच्यापर्यंत एकही पोचेना.
पहिली प्लेट हलली.
नातू मोठ्यानं ओरडला, मग ओशाळून गप्प बसला.
मी स्टूल फिरवलं, प्लेट पाठीशी लावली.
आता तिला काचेपलीकडचे आम्ही दिसत होतो.

त्रिशलाला मी काही सांगितलं नव्हतं.
ती काचेशी गेली, छाती भरून घेतली,
गाल फुगवले, डोळे मोठे केले,
बोट वर. थांब.
म्हातारीनं बघितलं,
बोळकं मिटलं, गाल फुगवले
आणि मी बटण दाबलं.

फिल्म आली तेव्हा ही अजून श्वास धरूनच होती.
"सोड आता," म्हणालो. "बिडरी."
हसली. मग रडली.
मी तोवर फरश्या मोजल्या.

पहाटे स्टेशनसमोर पोहे खाल्ले.
खरं ते सगळं सांगितलं तिला:
पगार, नाइटा, दिवाळीतली ड्यूटी,
छातीवरचा बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासायला जातो,
अंगात किती किरणं गेली ते कळवतो.
स्थळ बघताना लोक 'एक्स-रेवाला' म्हणतात, तो आवाज.

"पुढच्या वर्षी पुन्हा देणार मी नीट."
"दे की."
तिनं लिंबू पिळलं, उरलेलं माझ्या बशीत.
बराच वेळ चमचा फिरवत राहिली.
"काका, आजींच्या छातीत खाली पांढरं होतं ना,
उजव्या बाजूला, ते पाणीच का?"
"ते डॉक्टर सांगतील. उजवी कशावरून?"
"तुमचं अक्षर होतं की तिथं."