रकाना क्रमांक सात

घणसोली गावठाणात मधवी आळीच्या टोकाला
एक बाव आहे. तिच्यावर लोखंडी जाळी,
जाळीवर वाळत घातलेली पायपुसणी.
दार उघडायचं तर बारकीबाईंना हाक मारावी लागते,
किल्ली त्यांच्या कमरेला, तंबाखूच्या डबीशेजारी.

मी बाटली सोडते. दोरी हातभर हातभर भिजत जाते.
वर येतं ते पाणी इतकं नितळ
की दोष द्यायला लाज वाटावी.
वास नाही, रंग नाही, तक्रार नाही.
प्रयोगशाळेत मात्र नायट्रेटचा आकडा
चार वर्षं चढतोय,
भिंतीत ओल चढते तसा,
घरातली माणसं झोपलेली असताना.

फॉर्मवर रकाना सात : प्रदूषणाचा स्रोत.
खाली बारीक अक्षरांत : एकच लिहावा.

साहेबांना पाइप हवा असतो.
पाइपाला तोंड असतं, तोंडाला मालक,
मालकाला नोटीस, नोटिशीला जावक क्रमांक.
मी अठरा दिवस पाइप शोधत हिंडले
रबाळ्याच्या कुंपणांपासून खाडीच्या तिवरांपर्यंत.
सापडला तो सोसायटीचा माळी सुदाम,
हिरवळीवर ओंजळीनं युरिया फेकणारा :
"कमी टाकला मॅडम, तर चेअरमन विचारतात, पिवळं का?"
गॅरेजसमोर डांबरावर तेलाचे मोरपिशी डाग.
चार मजल्यांच्या घराखाली शोषखड्डा,
त्याला तळ घालायचा राहिला तो राहिलाच.
ब्रेकची काळी भुकटी. कबुतरांची वळचण.
जिन्यावरून ओघळत आलेलं फिनेल.
आणि सगळीकडे, शब्दही न बदलता,
"एवढ्याशानं काय होतंय?"

सव्वीस वेळा ऐकलं मी हे. वहीत खुणा आहेत.

त्या दिवशी बारकीबाई बाटलीकडे नाही,
माझ्या स्कूटरखाली बघत होत्या.
फरशीच्या सांध्यात एक काळा थेंब,
त्याच्या शेजारी मागच्या खेपेचा, सुकलेला.
"तुजी गारी पन मुतते गो बाय."

मी हसले. मग हसायची थांबले.
दर महिन्याला मी इथे पाणी तपासायला येते
आणि दर महिन्याला थोडं काही देऊन जाते.

रकाना सातमध्ये लिहिलं : एवढंसं.
साहेबांनी लाल शाईनं गोल केला,
बाजूला प्रश्नचिन्ह. फाइल परत.

मग जे झालं ते बातमीत येण्याजोगं नाही.
स्कूटरचं सील बदललं, एकशे ऐंशी रुपये.
सुदाम आता युरिया मोजतो, घरच्या तराजूवर,
बायको ओरडते म्हणून खाली वर्तमानपत्र.
पार्किंग आणि गटाराच्या मध्ये
दोन हात रुंद पट्ट्यात वाळा लावलाय,
पाण्यानं जरा थांबावं, बसावं, मग जावं म्हणून.
शोषखड्ड्याचा मालक म्हणतो, दिवाळीनंतर बघू.
कुठली दिवाळी ते नाही म्हणाला.

बावीचं पाणी आता कुणी पीत नाही, नळ आहेत.
तरी हळदीचा पहिला तांब्या इथूनच जातो,
आणि बारकीबाईंच्या नातीची हळद माघात आहे.
मी सांगितलंय : अंगाला चालेल,
तान्ह्याच्या दुधात थेंबही नको.
त्या म्हणाल्या, तान्हं व्हायला वेळ आहे अजून,
तवर उतरव.

जमिनीला घाई कळत नाही.
जे झिरपायला वीस वर्षं लागली
ते माझ्या बदलीच्या आधी निघणार नाही.

काल निकाल आला. एक्कावन्न.
मागचा बावन्न होता.
ही यंत्राची चूकही असू शकेल.

"उतरला?"
"एक."
"एकुच?"
"एवढासाच."

त्यांनी जाळीला कुलूप घातलं.
तोंडातली पिंक धरून ठेवली,
बावीपासून नऊ पावलं लांब चालत गेल्या
आणि मग थुंकल्या, गटारात.
गटार खाडीत जातं,
हे मी काल बोलले नाही.